रेघ आधी की नाव आधी?



आजचा विषय संगणकाचा आहे, पण नातेवाइकांनी घाबरून जाऊ नये. मूळ मुद्दा आखणीचा आहे आणि आखणी म्हणजे आम्हा शिक्षकांचा प्रांत!

जळगावात आम्हा बायकांची एक भिशी आहे. तिचा हिशेब माझ्याकडे असतो. नातवाने माझ्या लिनक्सवर एक छोटीशी शेल स्क्रिप्ट लिहून दिली. ती चालवली की नाव, जमा, बाकी असे तीन रकाने पडद्यावर येतात, भोवती रेघांची चौकट. आकडे बरोबर, पण रेघा मात्र एका ओळीत इकडे तर दुसरीत तिकडे. एकीच्या जमेचा आकडा दुसरीच्या बाकीखाली जाऊन बसायचा. भिशीत हे चालत नाही हो! पैसे भरलेल्या बाईच्या नावापुढे बाकी दिसली, तर वर्षानुवर्षांची मैत्री तुटायला तेवढं पुरतं.

"आजी, नावं इंग्रजीत लिही ना, सगळं सरळ होईल," नातू म्हणाला. त्याचं खरंच होतं. पण यादी वाचणाऱ्या बायकांनी स्वतःचं नाव परक्या लिपीत का शोधावं? मग आम्ही दोघं कारण शोधायला बसलो.

टर्मिनलचा पडदा म्हणजे गणिताची चौकटीची वही. इंग्रजी अक्षर एका बाइटचं आणि एका घरात बसणारं. आपलं तसं नाही. युनिकोडमध्ये मात्रा, अनुस्वार, हलन्त यांना प्रत्येकी वेगळी जागा आहे आणि यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'इंदू' आणि 'प्रज्ञा' ही दोन्ही नावं आपल्या लेखी दोन-दोन अक्षरांचीच. पण इंदूची चिन्हं चार, म्हणजे १२ बाइट. प्रज्ञाची सात, म्हणजे २१! बॅशमधला प्रिंटएफ रकान्याची रुंदी बाइटमध्ये मोजतो. रकाना ३० चा ठेवला तर इंदूपुढे १८ मोकळ्या जागा सोडतो आणि प्रज्ञापुढे फक्त नऊ. मग रेघ सरळ येणार कशी?

कॉलम नावाचा हुकूम जास्त शहाणा निघाला. त्याला टी हा पर्याय दिला की तो आधी सगळ्या ओळी वाचतो, प्रत्येक रकान्यातला सर्वांत रुंद मजकूर शोधतो आणि मगच मांडणी करतो. हे वाचून मला फार आनंद झाला. हजेरीपट आखताना आम्ही हेच तर करायचो! वर्गातलं सर्वांत लांब नाव आधी बघायचं, मग पट्टी ठेवायची. शिवाय तो बाइट नाही, घरं मोजतो. उकार, अनुस्वार, हलन्त यांना शून्य धरतो. तरी जोडाक्षरात अडतोच. 'ज्ञ' ला तो दोन घरं देतो, डोळ्यांना दिसतं एकच अक्षर.

मला धुळ्याची आठवण झाली. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली तिथेच वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. जुन्या मोडी कागदांत शिरोरेघ आधी सलग ओढलेली असते आणि अक्षरं मग तिला लटकवलेली. कुणी रुंद, कुणी अरुंद, रेघेला त्याचं काही नाही. आपल्या लिपीला घरात कोंडून राहायची सवयच नाही मुळी.

शेवटी दोन गोष्टी केल्या. पडद्यावर पाहायच्या यादीत आकड्यांचे रकाने आधी घेतले आणि नाव सर्वांत शेवटी, उजवीकडची रेघ काढूनच टाकली. नावानंतर काही नसलं की वाकायलाही काही उरत नाही. आणि छापायच्या यादीसाठी स्क्रिप्ट आता एचटीएमएलचा तक्ता लिहून देते. तो ब्राउझरमध्ये उघडायचा. ब्राउझर बाइट मोजत नाही, उमटलेलं अक्षर किती रुंद आहे ते बघतो आणि मग चौकट आखतो. रेघा अगदी पट्टीने ओढल्यासारख्या!

नातू म्हणतो, एवढ्याशा यादीसाठी केवढा खटाटोप. असेल. पण चौकटीत नाव बसत नसेल तर आधी चौकट बदलून पाहावी, नावाला हात लावू नये. वर्गातही मी हेच करत आले.