मोंपेल्येचा माळ

फ्रान्स म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पॅरिस उभे राहते. मला मात्र अध्यापनाच्या निमित्ताने वर्षभर राहावयास मिळाले ते दक्षिणेकडील मोंपेल्ये या नगरात. येथील विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवावयाचे म्हणजे पैठणास जाऊन धर्मशास्त्र सांगण्यासारखेच! येथील वनस्पती-उद्यान 1593 साली स्थापन झाले. वनस्पतींची कुळे लावण्याचा विचार 1689 मध्ये ग्रंथरूपाने मांडणारा प्येर मान्योल याच गावचा. त्याच्या नावावरून ‘मॅग्नोलिया’ हे नाव पडले, आणि आपला सोनचाफा आज शास्त्रज्ञांच्या लेखी त्याच गणात मोडतो. हे मी वर्गात सांगितले तेव्हा मुलांनी चाफ्याचा वास कसा असतो, असे विचारले. त्याचे उत्तर कोणत्या भाषेत द्यावे?

उद्यानापेक्षा मला अधिक लळा लागला तो नगराच्या उत्तरेकडील माळांचा. चुनखडीच्या या खडकाळ, झुडपी माळाला तेथे ‘गारीग’ म्हणतात. शनिवारी विद्यार्थ्यांसह आम्ही तेथे भटकत असू. पायाखाली थाइम चुरडले की थेट ओव्याची आठवण होई. दोहोंत थायमॉल हे एकच द्रव्य असते, तेव्हा नाकाची साक्ष खोटी नव्हे. काटेरी पानांचा एक बुटका ओक तेथे फार. त्यावरील किड्यांपासून पूर्वी तांबडा रंग काढीत. त्या किड्याचे ‘केर्मेस’ हे नाव आणि आपला ‘किरमिजी’ शब्द, दोन्ही एकाच अरबी शब्दाची लेकरे!

या वनस्पतींचे खरे कौतुक मात्र निराळेच. आपल्याकडे उन्हाळ्याच्या पाठोपाठ पाऊस येतो, आणि तोवर साग, पळस पाने टाकून निभावून नेतात. तेथे पाऊस मुख्यतः शरदात आणि हिवाळ्यात. ऐन जुलैत, ऊन सर्वांत कडक असता, आभाळ कोरडे. तरी ही झुडपे पाने टाकीत नाहीत. ती लहान, चिवट, तेलकट पाने घेऊन तग धरतात.

परंतु हे सौंदर्य मूळचे नाही. येथे एके काळी ओकचे अरण्य होते. कोळशासाठी, काचेच्या भट्ट्यांसाठी ते तुटले. उरलेसुरले मेंढ्यांनी खाल्ले. आता मेंढपाळ बहुतेक गेले आहेत, आणि मोकळ्या माळावर पाइन वाढत आहे. पाइनमध्ये राळ फार. ठिणगी पडली की डोंगर पेटतो.

एका विद्यार्थिनीने आपल्या वनस्पतिसंग्रहात द्राक्षाचे एक पान चिकटविले होते, जाळावर धरल्यासारखे करपलेले. 28 जून 2019 रोजी याच जिल्ह्यातील व्हेरार्ग येथे पारा 46 अंशांवर गेला, त्या दिवसाचे ते. आग लागली नव्हती, नुसत्या उष्म्याने तिच्या घरचा मळा होरपळला होता. “माझ्या आजोबांच्या मेंढ्या असत्या, तर निदान माळ तरी मोकळा राहिला असता,” असे ती म्हणाली. दुसरा एक विद्यार्थी लगेच उसळला: अरण्य पुन्हा उभे राहत असता त्यात मेंढ्या कशाला? तो वाद पुढे तीन शनिवार चालला, आणि त्या वर्षातील माझे उत्तम तास तेच, असे मला वाटते.

माझे मत मी त्यांना सांगितले. दख्खनच्या चराईने उघड्या पडलेल्या टेकड्या पाहत वाढलेल्या मला मेंढ्यांचे फारसे प्रेम नाही; तथापि गावालगतच्या पट्ट्यात त्या असाव्यात, दूरच्या ओढ्यांकाठी ओकला वाढू द्यावे. हे मत मुलीला पटले, मुलाला नाही. मे महिन्यात अखेरच्या सहलीला दोघेही आली होती. सिस्टसची पांढरी-गुलाबी फुले सकाळी उमलून दुपारी गळत होती, आणि ती दोघे एका खडकावर पाइनची रोपे मोजीत, अजूनही भांडत होती.