आज्जीची पसंती

एकच मराठी सिनेमा आमच्या कंग्राळीच्या घरात तीन ठिकाणी लावून बघितला: स्मार्ट टीव्हीवर, जुन्या टीव्हीला जोडलेल्या स्टिकवर आणि मोबाईलवर. टीव्हीवर चित्र सगळ्यात स्वच्छ. नेट मंदावलं की मात्र तेही धूसर. नेटफ्लिक्सच फुल एचडीला 5 आणि फोर-केला 15 एमबीपीएस वेग सुचवतं. स्टिक सुरू व्हायलाच वेळ घेई. म्हणून माझा पहिला नंबर टीव्हीला.

आज्जीनं मोबाईल उचलला. त्यातल्या यूट्यूबचा मेनू मराठीत होता. "ह्यात वाचाय येतंय गा," म्हणाली आणि पुढचा सिनेमा कुणाला न विचारता लावला.

सीमाभागात पाट्यांची भाषा आपण डोळ्यांत तेल घालून बघतो. घरातल्या पडद्याचीही एकदा बघूया.