शब्दांच्या जाती आणि पेन्सिलीतले उच्चार

आजोबांच्या ट्रंकेतून माझ्याकडे दोन पुस्तके आली. एक द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचा पहिला भाग आणि दुसरे नेसफिल्डचे इंग्रजी व्याकरण. दोहोंना खाकी कागदाचे वेष्टण आहे आणि त्यावर शाईने गावाचे नाव घातलेले आहे, आंबेगाव. हे आंबेगाव म्हणजे तालुका नव्हे, गाव. तालुक्याला आपले नाव देऊन ते डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याच्या कचेऱ्या घोडेगावला आहेत आणि गाव जिथे होते त्या जलाशयाला याच तालुक्यातल्या हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. घर उठवताना आबांनी ती ट्रंक बैलगाडीत स्वतः चढवली, भांडी नंतर चढली, असे आजी सांगत असे. सांगताना तिच्या आवाजात कौतुक नसे, हेही नमूद करायला हवे.

आबा मराठी सातवीची परीक्षा उत्तीर्ण होऊन प्राथमिक शिक्षक झाले. इंग्रजी त्यांना कोणी शिकवले नाही. त्यांनी ते तर्खडकरांकडून घेतले. मराठी वाक्याचे इंग्रजी करायचे, इंग्रजीचे मराठी, एक नियम पक्का झाला की पुढचा, हा त्या पाठमालेचा क्रम महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. पुढे भाषाशिक्षणाच्या नव्या पद्धती आल्या आणि भाषांतराने भाषा शिकणे हे मागासपणाचे लक्षण ठरले. बी.एड.ला आम्हांला तसेच शिकवले गेले आणि मीही उत्तरपत्रिकेत तसेच लिहिले. पण त्या पद्धतीची एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. तर्खडकरांचा विद्यार्थी इंग्रजीकडे जाताना दर पावलाला मराठीकडे वळून पाहतो. ‘मला भूक लागली आहे’ या वाक्यात कर्ता कोण, हा प्रश्न मराठीत राहून कोणाला पडत नाही. त्याचे इंग्रजी करू लागले की पडतो. आबांचे मराठी वाक्य इतके नेटके का होते, याचे एक कारण मला या पाठमालेत सापडते.

नेसफिल्ड मात्र त्यांनी जुन्नरच्या बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून आणला होता. त्या पुस्तकात मराठीचे बोट नाही, सगळे इंग्रजीतूनच. जॉन कॉलिन्सन नेसफिल्ड हे वायव्य प्रांत व अवध या भागातले शिक्षणखात्याचे अधिकारी. त्यांच्या व्याकरणमालेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे दीर्घकाळ भारतातल्या शाळा व्यापल्या. त्याच गृहस्थांनी 1885 साली वायव्य प्रांतातल्या जातिव्यवस्थेवरही एक पुस्तक लिहिले होते. जात ही मुळात व्यवसायावरून, म्हणजे माणूस करतो त्या कामावरून ठरली, असे त्यात त्यांचे प्रतिपादन आहे. व्याकरणातही त्यांचा नियम हाच: शब्दाचा वर्ग तो वाक्यात करीत असलेल्या कामावरून ठरवायचा. मराठीत तर आपण त्या वर्गांना सरळ ‘शब्दांच्या जाती’च म्हणतो. दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचे व्याकरण इंग्रजी व्याकरणाची चौकट समोर ठेवून रचले तेव्हापासून आपल्या शब्दांना आठ जाती चिकटल्या. मोरो केशव दामल्यांनी 1911 साली त्या चौकटीची कसून तपासणी केली, तरी शाळेत आठाच्या आठ टिकल्या. एक फरक तेवढा आहे. वाक्य बदलले की शब्दाला जात बदलता येते.

मुद्द्यावर येते. नेसफिल्डच्या त्या प्रतीत पानोपानी इंग्रजी शब्दांच्या खाली बारीक पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहिलेले आहेत. ‘क्नाइफ’. मग केव्हातरी क् वर काट. ‘लिस्टन’. ‘इस्लंड’, त्यावर काट नाही. ‘डिटरमाइन’, त्यावरही नाही. हे सगळे एका माणसाने गोठ्याशेजारच्या ओसरीवर बसून, एकदाही इंग्रजी कानावर न पडता, अक्षरांवरून ताडलेले उच्चार आहेत. वाक्याचे पृथक्करण ते निर्दोष करीत. गौण वाक्य कोणते आणि ते कशाचे काम करते, हे त्यांनी मला अंगणात खडूने फांद्या काढून शिकवले. मी इंग्रजीची प्राध्यापक झाले ती त्या फांद्यांवर चढून.

एम.ए.ला पुण्यात आले. पहिल्याच सत्रात वर्गात एक उतारा मोठ्याने वाचायचा होता. मी ‘डिटरमाइन’ म्हटले. वर्ग हसला. शिकवणारे हसले नाहीत, पण त्यांनी तो शब्द शांतपणे दोनदा बरोबर उच्चारून दाखवला आणि ते अधिक लागले. सुट्टीत घरी गेले तेव्हा आबांनी नेहमीप्रमाणे विचारले, “काय वाचलंस नवं?” मी म्हणाले, “आबा, तुम्ही शिकवलेले सगळे उच्चार चुकीचे आहेत.” सगळे नव्हते. पण मी ‘सगळे’ म्हणाले. ते म्हणाले, “असतील बाई. आम्हांला कोण सांगणार?” त्यानंतर माझ्यासमोर इंग्रजी शब्द आला की ते तो उच्चारीत नसत. अक्षरे सुटी सुटी सांगत, डी, ई, टी, आणि मी तो शब्द म्हणून दाखवण्याची वाट पाहत. पुढची सहा वर्षे, म्हणजे ते गेले तोवर, हे असेच चालले.

शुद्ध इंग्रजीची ही जुनी पुस्तके कोणी लिहिली, हे पाहण्याच्या नादाला मी लागले ती बहुधा या अपराधी भावनेतून. आणि जे हाती आले त्याने मी चकित झाले. पुढे जगभर चाललेले ते व्याकरण 1795 साली लिहिणारा लिंडली मरे हा अमेरिकेत जन्मलेला वकील. न्यूयॉर्क सोडून तो इंग्लंडात यॉर्कजवळ येऊन राहिला आणि तिथल्या क्वेकर पंथीयांच्या मुलींच्या शाळेसाठी त्याने ते पुस्तक रचले. साहित्यशास्त्र आणि वक्तृत्वशैलीवरची व्याख्याने 1783 साली छापणारा ह्यू ब्लेअर हा एडिंबरोचा स्कॉटिश धर्मोपदेशक. उच्चारकलेची व्याख्याने देत हिंडणारा टॉमस शेरिडन हा आयरिश नट, नाटककार शेरिडनचा बाप. 1761 साली तो एडिंबरोला गेला तेव्हा तिथली प्रतिष्ठित मंडळी इंग्रजी बोलायला त्याच्याकडून शिकली. स्कॉटलंडच्या लोकांना लंडनचा उच्चार शिकवायला डब्लिनचा माणूस! डेव्हिड ह्यूमसारख्या तत्त्वज्ञानेही लिहिताना टाळायच्या स्कॉटिश प्रयोगांची यादी तयार केली होती. म्हणजे आबांची पेन्सिल तिथेही चालतच होती. ज्यांना भाषा घरच्या अंगणात मिळाली त्यांना तिचे नियम लिहून काढण्याची निकड फारशी नव्हती. ती निकड होती वेशीबाहेरून आलेल्यांना, आपण केव्हातरी हसले जाऊ अशी धास्ती असणाऱ्यांना.

मरेच्या व्याकरणाचे चार भाग आहेत: वर्णांचा, शब्दांचा, वाक्याचा, आणि चौथा उच्चार, आघात, विराम, स्वर व वृत्त यांचा. आपल्याकडे पहिले तीन रुजले. चौथा वाटेतच गळाला, आणि तो का गळाला हे समजायला फार संशोधन नको. परीक्षा लेखी, नोकरी लेखनिकाची. साहेबाला अर्ज हवा होता, संभाषण नको होते. विरामाचेच पाहा: मेजर कँडी यांच्या खटपटीने स्वल्पविराम आणि अर्धविराम मराठी कागदावर आले, पण ज्या श्वासासाठी मुळात ती चिन्हे होती तो कोणी शिकवला नाही. वक्तृत्वाची हौस आपल्याला नव्हती असे नाही. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुणेकर मे महिन्याच्या उकाड्यातही व्याख्याने ऐकत बसले. पण ते मराठीतले बोलणे. इंग्रजी आपल्यासाठी डोळ्यांची आणि हाताची भाषा राहिली. तिला वाघिणीचे दूध म्हणायची पद्धत पडली, पण ते प्यायलेल्यांपैकी बहुतेकांना गुरगुरता आले नाही. (आमच्या भागात उसात बिबट्या असतो, त्यामुळे असल्या उपमांकडे आम्ही जरा जपूनच पाहतो.)

गेल्या हिवाळ्यात मी द्वितीय वर्षाच्या मुलांना घेऊन शिवनेरीच्या पोटातली लेणी पाहायला गेले. तिथल्या एका ब्राह्मी लेखात इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या टाक्या दान दिल्याचे कोरलेले आहे. चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भोजनमंडप दिला. दोन हजार वर्षांच्या आसपास जुनी गोष्ट. नाणेघाटातून वर आलेल्या या परक्यांची मूळ नावे काय होती, यावर विद्वानांचे तर्क आहेत. दगडावर मात्र ती प्राकृताच्या तोंडात बसतील अशी होऊन उतरली आहेत आणि त्यांना रीतसर प्राकृत षष्ठीचा प्रत्यय लागलेला आहे. इरिलला त्याच्या गावी कोणी ‘इरिल’ म्हणत असेल असे वाटत नाही. जुन्नरात त्याने ते चालवून घेतले, किंवा त्याला चालवून घ्यावे लागले. टाक्यांत अजून पाणी आहे.

मुलांना हे सांगताना मला आबांची प्रत आठवली आणि पुढच्या तासाला मी ती वर्गात नेली. नेताना मन द्विधा होते. पुन्हा एकदा एक वर्ग हसणार होता. पेन्सिलीतले उच्चार मी जसेच्या तसे मोठ्याने वाचले. ‘क्नाइफ’ला मुले हसली, ‘इस्लंड’ला जास्त हसली. ‘डिटरमाइन’ला कोणीच हसले नाही, कारण वर्गातले निम्मेजण तसेच म्हणतात. आहुप्याकडून एस.टी.ने येणारी एक मुलगी, जी वर्षभर हजेरीच्या ‘येस मॅडम’पलीकडे इंग्रजीत बोललेली नव्हती, ती म्हणाली, “मॅडम, लिस्टनमधला टी ते नंतर खोडतात का?”

मी शोधून पाहिले. ते पान तोवर माझ्याही नजरेतून सुटले होते. ‘लिस्टन’वर काट नव्हती. पण खाली, बहुधा पुष्कळ वर्षांनी, वेगळ्या, थरथरत्या हाताने लिहिलेले होते: ‘लिसन. रेडिओवर ऐकले.’

पुस्तक मी तिच्या हातात दिले. ते शेवटच्या बाकापर्यंत फिरून परत आले तेव्हा तास संपला होता. आता ती मुलगी नेसफिल्डमधले एकेक पान मोठ्याने वाचते, मी बाजूला बसते, आणि जिथे काट मारायची तिथे पेन्सिल तिच्याकडे असते.