दहा मिनिटांत कोल्हापुरी

मोबाइलवर नुसतं 'कोल्हापुरी' एवढंच टाकायचं आणि समोर काय काय येतं ते बघत बसायचं, हा माझा दुपारचा रिकामा उद्योग आहे. पनीर कोल्हापुरी येतं, मशरूम कोल्हापुरी येतं, अंडा कोल्हापुरी येतं, आणि या सगळ्यांचं थोरलं भावंड म्हणजे व्हेज कोल्हापुरी. सगळ्यांचा रंग लग्नाच्या मांडवातल्या गालिच्यासारखा एकच. ही व्हेज कोल्हापुरी देशभरातल्या हॉटेलांत मिळते; कोल्हापुरातल्या एखाद्या घरात पाहुणे येणार म्हणून ती शिजत घातल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. बाहेरच्या लोकांनी तिखटाला आमच्या गावाचं नाव देऊन टाकलं आणि आम्हीही ते मुकाट्याने लावून घेतलं. वास्तविक इथल्या रश्श्याचा लाल रंग बराचसा बेडगी मिरचीचा, आणि बेडगी रंगाच्या मानाने तिखटाला सौम्य. पण कपाळावर घाम फुटल्याशिवाय कोल्हापुरी जेवण झालं असं व्हिडिओ करणाऱ्यांना वाटत नाही.

तरीही हे व्हिडिओ कोल्हापुरात बघितले जातात, आणि भरपूर बघितले जातात. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत, उपनगरांतल्या अपार्टमेंटांत ओट्यावर तेलाच्या बाटलीला टेकवून फोन उभा असतो. पिठाच्या हाताने पडद्याला शिवता येत नाही म्हणून कोपराने किंवा करंगळीने व्हिडिओ थांबवायची एक नवीच कला बायकांनी कमावली आहे. यात नाक मुरडण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. परक्याच्या सांगण्यावरून रांधायची मराठी घराला जुनी सवय आहे. 'सूपशास्त्र' हे पुस्तक 1875 सालचं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' गेल्या शतकाच्या सुरुवातीचं. पुढे 1970 मध्ये आमच्या शेजारच्या सांगलीच्या कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' आली आणि लग्न होऊन परगावी, परदेशी गेलेल्या मुलींच्या बॅगेत जाऊन बसली. वाटी आणि चमचा ही तिची मापं. ज्यांच्या घरात तराजू नव्हता आणि सांगायला सासूही नव्हती, त्यांची या दोन मापांनी केवढी सोय केली! याशिवाय मासिकांतली कात्रणं होतीच. रेडिओवर पदार्थ सांगत, तेव्हा पेन्सिल सापडेपर्यंत साहित्य सांगून संपलेलं असे. मग उरलेलं शेजारणीकडून उतरवून घ्यायचं. तिने काय ऐकलं असेल ते आपल्या नशिबाचं.

पुस्तकात एक मात्र नव्हतं, ते म्हणजे हात. 'कणीक सैलसर भिजवावी' हे वाचून सैलसर म्हणजे किती ते कळत नाही. कणकेतून बोट कसं निघतं ते बघितलं की कळतं. तो हात व्हिडिओने परत आणून दिला. मधुरा बाचल यांनी 2009 मध्ये अमेरिकेत राहून यूट्यूबवर पदार्थ दाखवायला सुरुवात केली, तेव्हा इथे कितीजणींकडे ते बघण्यापुरतं इंटरनेट होतं? 2016 नंतर डेटा स्वस्त झाला आणि बघता बघता व्हिडिओ घराघरांत शिरला. 2020 मध्ये नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजींनी नातवाच्या मदतीने 'आपली आजी' सुरू केलं. त्यांच्याकडे बघताना मी पदार्थापेक्षा हातच जास्त बघते. मीठ घेताना तीन बोटं मिळतात, तेल सोडताना मनगट कुठे थांबतं, फोडणीत जिरं टाकून त्या किती वेळ गप्प राहतात. ग्रॅम-मिलीलिटरची मापं सांगणाऱ्या दहा व्हिडिओंपेक्षा ती गप्प राहायची वेळ मला जास्त शिकवून जाते.

माझी तक्रार नेमकी त्या वेळेबद्दल आहे. बहुतेक व्हिडिओंत पहिली कात्री तिलाच लागते.

पांढऱ्या रश्श्याचंच घ्या. मटणाला आलं-लसूण आणि मीठ लावून पातेलं चुलीवर किंवा गॅसवर चढवायचं, वर ताट झाकायचं आणि त्या ताटात पाणी ठेवायचं. आतलं पाणी आटत आलं की वरचं तापलेलं पाणीच आत सोडायचं. गार पाणी घातलं तर मटण दमतं, म्हणजे मग ते शिजता शिजत नाही. असं तासभर केल्यावर जे पाणी मिळतं ते अळणी. घरातल्या पोरांना त्यातलं वाटीभर आधीच मिळतं, तो त्यांचा हक्क. मग भिजवलेली खसखस, तीळ, काजू यांचं वाटण, आणि ते किती बारीक? पाट्यावर बोटाला लागणार नाही इतकं. हल्ली खसखशीचा भाव बघून काजूच वाढवतात. चालतं, पण रश्श्याला मग गोडूस झाक येते. तुपात लवंग, दालचिनी, मिरी, तमालपत्र, त्यावर वाटण, त्यावर अळणी. शेवटी नारळाचं दूध. इथे गॅस बारीक करून पळी एकसारखी फिरवत राहायची, आणि पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसायला लागले की उतरवायचं. खळखळून उकळी आली की रस्सा फुटला. दूध एकीकडे, पाणी एकीकडे.

हा सगळा खेळ त्या कडेच्या बुडबुड्यांचा. व्हिडिओत काय होतं? नारळाचं दूध वाटीतून पडताना दिसतं आणि पुढच्याच क्षणाला, 'तर मंडळी, आपला पांढरा रस्सा तयार आहे,' वर कोथिंबिरीचं एक पान. बुडबुडे कुठे गेले? आणि बघणाऱ्याला धीर धरवत नाही म्हणून अळणीचा तासही गेला. त्याच्या जागी कुकरच्या पाच शिट्ट्या आल्या. कांदा परतण्याचंही तेच. कांदा आत्ता पांढरा होता, आत्ता तांबूस झाला. मधली पंधरा मिनिटं कुणीतरी टेबलावर बसून कापून टाकली. शिकायचं होतं ते त्या पंधरा मिनिटांत होतं, कारण शेजारी उभं राहून कुणी बोलतं तेही याच वेळात. 'अगं, आच कमी कर,' हे पदार्थ तयार झाल्यावर सांगून काय उपयोग?

हा रिकामा वेळ आणि त्यातलं बोलणं बघायचं असेल तर एप्रिलमध्ये कोल्हापुरातल्या कुठल्याही मसाला कुटायच्या डंकावर जा. आमच्याकडे वर्षभराच्या कांदा-लसूण मसाल्याला सरळ चटणीच म्हणतात. उन्हाळ्यात मिरची आणायची, देठं काढायची, गच्चीवर वाळवायची. रंगाला बेडगी, चवीला संकेश्वरी, झणक्याला मूठभर लवंगी. मग धने, जिरे, तीळ, खसखस, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, मसाला वेलदोडा, हिंगाचा खडा असं एकेक तळून-भाजून वेगवेगळ्या पुड्यांत बांधून डंकावर न्यायचं. लोखंडी मुसळं एकामागून एक उखळांत आपटत असतात, नाकाला पदर लावलेल्या बायका डबे घेऊन नंबराला बसलेल्या असतात आणि शिंकांच्या मधून गप्पा चाललेल्या असतात. तिथे कुणाचीही पाककृती खाजगी राहत नाही. दुसरीच्या डब्यात डोकावून मत देणं हा तिथला रिवाज आहे.

मध्ये एक नवी सून फोनवरची यादी बघून सगळं घेऊन आली होती. शेजारच्या म्हातारीने तिचं खोबरं चिमटीत धरून उजेडाकडे नेलं.

"खोबरं लई काळं केलंसा की."

"व्हिडिओत असंच दाखवलंय, मावशी."

"त्या व्हिडिओला चटणी खायची न्हाई, तुमास्नी वरीसभर खायची हाय. मी दरसाली कुटून घेतोय हितं. करपलेलं खोबरं दोन महिन्यांत खवट वास मारतंय. आता असू दे, त्यात आमचं मूठभर चांगलं घाला."

आणि खरोखरच तिने आपल्या पुडीतलं खोबरं काढून दिलं. लसूण किलोला अर्धा की पाव, यावरून मात्र पुढे तिथे दोन तट पडले, ते डंक बंद होईपर्यंत मिटले नाहीत.

कोरोनाच्या टाळेबंदीत डंक बंद, भट्ट्या बंद, तेव्हा सगळ्यांनी फोनचाच आधार घेतला. नानकटाई आणि केकसाठी दिवाळीत, मे महिन्यात बेकरीच्या भट्टीवर पत्रे घेऊन जाणाऱ्या घरांनी कुकरमध्ये मीठ तापवून केक भाजले. ही युक्ती खरंच चांगली होती, अजूनही आम्ही ती वापरतो. डाल्गोना कॉफीचं कौतुक मात्र मला कधी कळलं नाही. ज्या शहरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार थेट पेल्यात पडते आणि बोटभर फेस फुकट मिळतो, तिथल्या लोकांनी हात दुखेपर्यंत कॉफी घुसळत बसावं?

स्वयंपाकासारखंच शिवणकामाचं. माझी भाची फोनवर बघून साशिको शिकली. निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने एकसारखे टाके घालायची ही जपानी पद्धत. तिकडच्या थंड उत्तरेत, जिथे कापूस पिकत नसे, शेतकऱ्यांच्या घरात जुन्या कापडाचे तुकडे असे टाक्यांनी जोडून पिढ्यान् पिढ्या वापरत. त्या ठिगळांच्या कपड्यांना बोरो म्हणतात आणि आता ते संग्रहालयांत लावले जातात. भाचीने खास सुई, खास दोरा मागवला. माझ्या आईने तो रुमाल उलटा करून मागची बाजू बघितली, म्हणाली, "धावदोराच की हा," आणि ट्रंकेतली वाकळ काढून तिच्यासमोर टाकली.

वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे पाच-सहा थर. जमिनीवर पसरून, वर बसून कडेपासून टाका सुरू करायचा आणि चौकोनाच्या आत चौकोन घेत मध्यापर्यंत जायचं, म्हणजे आतले थर गोळा होत नाहीत. एका थरावर शिकलेला टाका सहा थरांत घालताना भाचीची सुई वाकली. आईने सांगितलं, सुई तिरकी घालू नकोस, उभी घाल, खालच्या हाताच्या बोटाला टोचली की परत वर काढ. बोटाला टोचणं हे माप कुठल्या व्हिडिओत सांगत नाहीत. नवरात्राआधी पंचगंगेच्या घाटावर वाकळा धुवायला जी झुंबड उडते, त्या भिजलेल्या वजनाखालीही टाके तुटत नाहीत, ते या उभ्या सुईमुळे. आता हेही खरं की फोनवर साशिको दिसलं नसतं तर भाचीने ती ट्रंक उघडायला लावली नसती. वाकळ त्याआधीही वर्षानुवर्षं तिथेच होती, तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. म्हणून मी फोनला शिव्या देत नाही.

पण सगळंच घरी होत नाही, हेही व्हिडिओवाल्यांनी सांगायला हवं. 2018 मध्ये थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून पुठ्ठ्याची, कागदाची, बांबूची मखरं लोक बघून बघून करतात, आणि त्यातली कित्येक विकतच्यापेक्षा देखणी होतात. शाडूचा गणपती घरी करणं मुलांसाठी उत्तमच. मूर्तीचे डोळे नीट यावेत असं वाटत असेल तर मात्र बापट कॅम्प किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत एक सकाळ जाऊन बसावं. आणि 'जुन्या सँडलची कोल्हापुरी बनवा' असा एक व्हिडिओ माझ्यासमोर आला होता, त्याविषयी न बोललेलं बरं. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं कातडं, खिळा न मारता चामड्याच्याच वादीने शिवलेला तळ, असं चपलेचं काम आहे. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते गोंदाच्या नळीसाठी नव्हे.

तर तुम्ही कोल्हापूरबाहेर असाल आणि रविवारी पांढरा रस्सा करायचा बेत असेल तर व्हिडिओ जरूर बघा. त्यात फ्रेश क्रीम घालायला सांगितलं असेल तर तिथेच बंद करा आणि कोल्हापूरच्या कुणालाही फोन लावा, लांबची ओळख असली तरी चालेल. माणूस कामात असला तरी मटणाबद्दल विचारलंत तर पूर्ण सांगेल, आणि रस्सा उतरेपर्यंत फोन ठेवू देणार नाही.