बुटांचा चिखल

२ नोव्हेंबर २०२२ रोजी अ‍ॅडलेड येथे वीस षटकांच्या विश्वचषक स्पर्धेतील भारत आणि बांगलादेश यांचा सामना ऐन रंगात आला असता पाऊस कोसळला. बांगलादेशाच्या ७ षटकांत बिनबाद ६६ धावा झाल्या होत्या. खेळ तेथेच संपता, तर गणिताच्या नियमाने विजय त्यांच्याच पदरात पडावयाचा. परंतु पाऊस ओसरला, ओल्या हिरवळीवर खेळ पुन्हा सुरू झाला, आणि सीमारेषेच्या बाहेरून एक गृहस्थ हातात ब्रश घेऊन धावताना दिसू लागला. बुटांच्या तळव्यांना चिखल चिकटला की क्षेत्ररक्षकाचा पाय घसरतो. तो चिखल खरवडून काढण्यासाठी ही प्रदक्षिणा चालली होती. त्या गृहस्थाचे नाव राघवेंद्र. संघात त्याला रघू म्हणतात.

पावसानंतर लागलीच दुसरी धाव घेताना लिटन दासचा पाय घसरला, राहुलच्या अचूक फेकीने तो धावचीत झाला, आणि भारताने तो सामना ५ धावांनी जिंकला. ब्रशाने सामना जिंकला, असे त्यानंतर पुष्कळांनी मोठ्या हौसेने सांगितले. मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवीत आलो असल्यामुळे असा युक्तिवाद मला मुकाट्याने गिळवत नाही. घसरला तो प्रतिपक्षाचा फलंदाज. आपले क्षेत्ररक्षक ब्रशामुळे सावरले, की ते एरवीही सावरलेच असते, हे कोणी सिद्ध करावे? जे घडलेच नाही त्याचे कारण दाखविणे ही महाकठीण गोष्ट आहे. परंतु नेमके येथेच मला या पडद्यामागच्या मंडळींच्या व्यवसायाचे मर्म सापडते. त्यांचे बहुतेक सारे यश न घडलेल्या गोष्टींत साठलेले असते: न घसरलेला पाय, न ताणलेला स्नायू, न सुटलेला झेल. धावफलकात या गोष्टींसाठी रकाना नाही, आणि तो कोठे आखावा हे मलाही सांगता येणार नाही.

रघूचे खरे काम अर्थात बूट पुसण्याचे नव्हे. कर्नाटकातील कुमठ्याचा हा तरुण खेळाडू होण्याच्या आकांक्षेने घराबाहेर पडला. हाताच्या दुखापतीने ती आकांक्षा मोडली, आणि पुढे त्याच हाताने तो भारताच्या नामांकित फलंदाजांना सरावासाठी चेंडू फेकू लागला. या कामी साइडआर्म नावाचे एक साधन वापरतात. ते दिसावयास लांब दांड्याच्या पळीसारखे. टोकाच्या खोबणीत चेंडू बसवावयाचा आणि हात फिरवून सोडावयाचा. दांड्याच्या लांबीमुळे वेग वाढतो आणि खांद्यावरचा ताण कमी होतो. खरा वेगवान गोलंदाज रोज शेकडो चेंडू टाकू लागला तर त्याचे शरीर थोड्याच दिवसांत मोडेल. यंत्राने टाकावे, तर फलंदाजाला वाचावयास समोर हातच उरत नाही. या दोन अडचणींच्या मधोमध हा फेकणारा उभा असतो.

आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांत विंगेत पोथी धरून उभा राहणारा प्रॉम्प्टर असे. रघूसारख्यांना त्याची उपमा द्यावी, असे प्रथम मनात येते. पण ती पुरती जुळत नाही. प्रॉम्प्टर नटाला सावरतो. हा मात्र फलंदाजाला रोज अडचणीत टाकतो, त्याची बरगडी शेकील असा चेंडू मनापासून टाकतो, आणि त्याची यष्टी उडाली तरी तो बळी कोणत्याही वहीत मांडला जात नाही. शत्रूचे सोंग इतक्या इमानाने वठविणारा मित्र मला दुसरा आठवत नाही. जानेवारी २०२३ मध्ये विराट कोहलीने रघू, डावखुरा श्रीलंकन नुवान सेनेविरत्ने आणि बंगालचा दयानंद गरानी या तिघांना कॅमेऱ्यासमोर आणून, यांचे चेहरे आणि नावे ध्यानात ठेवा, अशा आशयाचे उद्गार काढले. ते मला आवडले.

तथापि, स्तुतीला पैसे पडत नाहीत. १९८३ साली विश्वचषक जिंकणाऱ्या आपल्या संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून एकटे मानसिंग होते. शिक्षक नाही, फिजिओ नाही. खेळाडूंना देण्यास मंडळाजवळही पैसा नव्हता, म्हणून लता मंगेशकरांनी दिल्लीत गाऊन तो उभा केला. वाटावयास काही नसते तेव्हा वाटणीचा प्रश्नही उद्भवत नाही. तो उद्भवला पुढे, तिजोरी भरल्यावर.

२०१८ साली एकोणीस वर्षांखालील मुलांनी विश्वचषक जिंकला. मंडळाने मुख्य शिक्षक राहुल द्रविड यांना ५० लाख आणि त्यांच्या प्रत्येक सहकाऱ्याला २० लाख रुपये जाहीर केले. द्रविडांना हा भेद रुचला नाही. अखेर रक्कम सर्वांना सारखी, २५ लाख, अशी ठरली. म्हणजे त्यांचा स्वतःचा वाटा निम्म्यावर आला. यादीत राजेश सावंत यांचेही नाव घालण्यात आले. या संघाचे हे व्यायामशिक्षक जानेवारी २०१७ मध्ये मुंबईत कामावर असतानाच वारले होते. विजयापूर्वी वर्षभर आधी गेलेल्या माणसाचा त्या विजयात हिस्सा किती, हे कोणत्या त्रैराशिकाने काढणार? कोणीतरी तो आहे असे धरून चालले, आणि रक्कम त्यांच्या कुटुंबाला मिळाली. त्या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत मोठी वाटते ती हीच गोष्ट.

२०२४ साली बार्बाडोसमधील विजयानंतर मंडळाने १२५ कोटी रुपये जाहीर केले. द्रविडांनी पुन्हा आपले ५ कोटी नाकारून सहकारी शिक्षकांइतकेच, अडीच कोटी, घेण्याचे ठरविले. वृत्तपत्रांतून आलेल्या तपशिलाप्रमाणे चेंडू फेकणारे आणि मालिश करणारे यांना प्रत्येकी २ कोटी, तर राखीव खेळाडूंना १ कोटी मिळावयाचे होते. मी हा तपशील घरात मोठ्याने वाचून दाखविला. राखीव खेळाडूपेक्षा चेंडू फेकणारा वरचढ ठरला, याचे मला कौतुक वाटत होते. आमच्या सौभाग्यवतींनी भाजी निवडता निवडता विचारले, "आणि पाऊस आल्यावर ते मोठे ताडपत्र ओढत धावतात, त्यांना काय?"

त्यांचे नाव या यादीत असण्याचे कारण नव्हते. ते कोणत्याच संघाचे नसतात. पण त्या प्रश्नाने मला कोलंबो आठवले. १७ सप्टेंबर २०२३ रोजी आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात सिराजने ६ बळी घेतले आणि श्रीलंकेचा डाव ५० धावांत आटोपला. त्या स्पर्धेत पावसाने सर्वांना जेरीस आणले होते. सामनावीर म्हणून मिळालेले ५,००० डॉलर सिराजने तेथल्या तेथे मैदानावरच्या त्या लोकांना देऊन टाकले.