चांदीचे गाव, बर्फाचा भाव

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या आणि फारच चुकलं तर संपादक मंडळाला बोला, मला नको. विषयही जरा लांबचाच आहे. आणि मी बर्फ पाहिलाय तो फक्त उसाच्या रसात.

इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्सला सरांनी असाइनमेंट दिली : जिथे जागेचा भाव तुम्हाला वेडगळ वाटतो असं ठिकाण निवडा आणि तो भाव का आहे ते सांगा. अर्ध्या वर्गाने नरिमन पॉइंट घेतला. मी घेतलं अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातलं ॲस्पेन. कारण एवढंच की माझा मावसभाऊ डेन्व्हरला असतो, दर हिवाळ्यात तिथे घसरायला जातो आणि तिथल्या प्रॉपर्टी एजंटच्या काचेत लावलेल्या घरांचे फोटो मला पाठवतो. खाली फक्त एक वाक्य : "शून्यं मोज."

ॲस्पेनची वस्ती सात हजारांच्या आसपास. गेली काही वर्षं तिथे स्वतंत्र घराची सरासरी किंमत १ कोटी डॉलरच्या वर आहे. २०२४ मध्ये रेड माउंटन भागातलं एक घर १० कोटी ८० लाख डॉलरला गेलं. म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण ९०० कोटी रुपये!

मी कॅलक्युलेटर घेतला. १ कोटी डॉलर बँकेत ५ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ५ लाख सुटतात. समजा मालक वर्षातून चार आठवडे येऊन राहिला, तर एक दिवस त्याला जवळजवळ १८ हजार डॉलरला पडला. त्यात माझी चार वर्षांची डिग्री होते, मेससकट. रूममेट म्हणाली, "अगं, मग हॉटेलात का नाही राहत?"

प्रश्न साधा आहे, पण मला आठ दिवस पुरला.

मुळात हे गाव चांदीच्या खाणींचं. १८७९ च्या सुमारास वसलं, भरभराटलं आणि १८९३ मध्ये चांदीचा भाव कोसळल्यावर ओस पडलं. १९३० च्या शिरगणतीत तिथे जेमतेम सातशे माणसं उरली होती. डोंगर तोच, बर्फ तोच, आणि घरं कोणी घेईना. म्हणजे नुसत्या बर्फाला भाव नसतो, हे आपण इथे लिहून ठेवू. मग शिकागोचे उद्योगपती वॉल्टर पेप्के आले. १९४६ मध्ये स्कीइंगची कंपनी निघाली, पाळणे लागले, १९५० मध्ये तिथे जागतिक स्कीइंग स्पर्धा झाल्या. पेप्केंनी १९४९ पासून उन्हाळ्यात संगीत आणि व्याख्यानंही आणली. त्यामुळे बर्फ वितळला तरी गाव चालू राहतं.

आता पुरवठ्याची बाजू, जी मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटली. पिटकिन काउंटीतली ऐंशी टक्क्यांहून जास्त जमीन सरकारी आहे, बहुतेक राखीव जंगल. उरली ती चिंचोळी दरी. त्यात १९७० च्या दशकापासून गावानेच बांधकामावर कडक मर्यादा घातल्या. उंच इमारती नाहीत, वर्षाला अमुकच घरं. म्हणजे मागणी साऱ्या जगाची आणि पुरवठ्याची रेघ सरळ उभी. सरांनी फळ्यावर काढलेली ती रेघ मला पहिल्यांदा खरी वाटली.

गंमत म्हणजे हे येणार हे एका माणसाला आधीच दिसलं होतं. पत्रकार हंटर थॉम्पसन १९७० मध्ये तिथे शेरीफच्या निवडणुकीला उभा राहिला. त्याचं एक आश्वासन होतं, गावाचं नाव बदलून 'फॅट सिटी' ठेवू, म्हणजे जमिनीचे दलाल 'ॲस्पेन' नावावर काही विकू शकणार नाहीत. पडला बिचारा. पण नावालाच निम्मी किंमत असते हे त्याला आपल्यापेक्षा आधी कळलं होतं.

उंचीचाही हिशेब आहे. गाव २,४०० मीटरवर आणि डोंगराचा माथा ३,४०० च्या वर. हवा तापत चालली तशी आल्प्समधली कमी उंचीवरची स्की-गावं बर्फाविना हवालदिल व्हायला लागली. म्हणून उंचावरच्या बर्फाची खात्री हीसुद्धा आता विकत घ्यायची वस्तू झाली आहे. शिवाय गावाच्या मधूनच निघणारा गोंडोला पंधरा-वीस मिनिटांत माथ्यावर नेतो आणि विमानतळ पाचेक किलोमीटरवर. बूट चढवून दारातून निघायचं, बस्स.

आणि हॉटेलचं उत्तर? आईच्या लॉकरमध्ये चार बांगड्या आहेत. ती वर्षातून दोन लग्नांना घालते. दिवसाला बांगडी केवढ्याला पडली असं आजवर तिला कोणी विचारलेलं नाही. तसंच हे. १ कोटी डॉलर खर्च होत नाहीत, ठेवलेले असतात. फरक इतकाच की बांगड्या लॉकरमध्ये असतात म्हणून कोणाची राहायची जागा जात नाही.

इथे मात्र जाते. पाळणा चालवणारा, नर्स, मास्तर ही माणसं रोज खालच्या गावांतून बसने येतात. ग्लेनवुड स्प्रिंग्ज पासष्ट किलोमीटर लांब, काही तर त्याहून पुढचे. माझी आई शिक्षिका आहे. दर अकरा महिन्यांनी घरमालकासमोर बसायचं म्हणजे काय ते मी लहानपणापासून पाहतेय, म्हणून मला या माणसांचं जास्त वाटलं. गावाला माणसं हवीत आणि माणसांना गाव परवडत नाही!

स्वित्झर्लंडने यावर २०१२ मध्ये जनमत घेऊन ठरवलं की कुठल्याही गावात सुट्टीतली घरं वीस टक्क्यांच्या वर नकोत. निसटत्या बहुमताने पास झालं. ॲस्पेनने वेगळी वाट काढली. गावाच्या हद्दीत मालमत्ता विकली गेली की तिच्या किमतीतला एक टक्का (पहिले लाख डॉलर सोडून) कामकऱ्यांच्या घरांसाठी जातो. अशी घरं भाड्याची-मालकीची मिळून तीन हजारांच्या आसपास आहेत. अट अशी की काउंटीत वर्षाला किमान १,५०० तास काम हवं. मालकीचं घर बरेचदा लॉटरीने मिळतं आणि विकताना भाववाढ मिळते ती अगदी थोडी, बाजाराच्या जवळपासही नाही.

सुट्टीत घरी हे सांगितलं. बाबा म्हणाले, "एवढे हप्ते फेडायचे आणि भाव वाढायचा नाही? याला काय घर म्हणायचं?" आई म्हणाली, "पण कोणी खाली करा म्हणणार नाही ना?" बाबा म्हणाले, तो मुद्दा नाही. आई म्हणाली, तोच मुद्दा आहे. त्यांचं चालूच होतं, माझी एस. टी. चुकायची वेळ आली म्हणून मी निघाले.