भोकाचा पैसा, भरीव पेनी

माझ्या संग्रहातली पहिली ऑस्ट्रेलियन पेनी मी चिंच-मिठाने घासली. घरातली तांब्याची भांडी अशीच लख्ख होत, मग या पेनीनेच काय घोडं मारलं होतं? पाच मिनिटांत तिच्यावरचा कांगारू गुलाबी झाला. मोठ्या ऐटीत ती एका जुन्या विक्रेत्याला दाखवायला नेली. त्यांनी ती हातातसुद्धा घेतली नाही. “आंघोळ घातलीत?” एवढंच म्हणाले.

तेव्हापासून नाणं घासायचं नाही, वाचायचं. कडेने धरायचं, खिडकीच्या उजेडात तिरपं करायचं आणि भिंग डोळ्याशी न्यायचं. झीज आधी उंचवट्यांवर दिसते: राजाच्या भुवईवर, कानाच्या पाळीवर. मग ताजवा. पेनी असेल तर ९.४५ ग्रॅम, फार झिजली असेल तर जरा कमी.

ऑस्ट्रेलियन नाणी जमवणारे १९३० च्या पेनीसाठी जीव टाकतात. मेलबर्नच्या टांकसाळीत त्या साली जेमतेम दीड हजार पेन्या पाडल्या गेल्या असाव्यात, असा अंदाज आहे. ती माझ्या खिशाला झेपणारी नव्हे. मी शोधतो एक अक्षर. १९४२ आणि १९४३ च्या काही पेन्यांवर सहाव्या जॉर्जच्या मानेखाली बारीकसा इंग्रजी ‘आय’ असतो. ‘आय’ म्हणजे इंडिया. युद्धाच्या धामधुमीत या पेन्या पाडल्या गेल्या मुंबईत, आपल्या फोर्टातल्या टांकसाळीत.

हेच अक्षर त्याआधी १९१६ ते १९१८ च्या ऑस्ट्रेलियन तांब्यावर दिसतं; ते कलकत्त्याचं. तिथे १९१६ साली एक गंमत झाली. अर्ध्या पेनीच्या एका बाजूला चुकून आपल्या पाव आण्याचा ठसा लागला. दोन्ही नाणी आकाराने जवळजवळ सारखी, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नसावं. अशी नाणी आज बोटांवर मोजण्याइतकीच माहीत आहेत.

नाण्यांची ही ये-जा जुनीच. १८०० साली गव्हर्नर किंगने न्यू साउथ वेल्समध्ये चालणाऱ्या परक्या नाण्यांचे भाव जाहीर केले. त्या यादीत आपला रुपया होता, अडीच शिलिंगांना; मोहोर होती, मद्रासकडचा होनही होता. तरी नाणी टिकत नसत. आलेल्या जहाजाबरोबर परत जात. मग १८१२ मध्ये मद्रासहून ४०,००० स्पॅनिश डॉलर आले, तेव्हा गव्हर्नर मॅक्वारीने त्यांना मधोमध भोकं पाडायला लावली. काम सोपवलं विल्यम हेन्शल नावाच्या, बनावट नाण्यांपायीच शिक्षा भोगायला आलेल्या कैद्यावर! बाहेरचं कडं पाच शिलिंगांचं, आतली टिकली पंधरा पेन्सची. एका डॉलरची दोन नाणी झाली, किंमत सव्वापट झाली, आणि असलं भोकाचं नाणं बाहेर कोण घेणार? चांदी घरात राहिली.

भोक म्हटलं की मला मात्र आपला भोकाचा पैसा आठवतो. तोही १९४३ चाच, युद्धात धातू वाचवायला मधलं तांबं काढून घेतलेला. मुंबईची टांकसाळ तोही पाडत होती. माझ्या ट्रेमध्ये दोन्ही शेजारी ठेवले आहेत. आपला पैसा दोन ग्रॅमचा, फुंकरीने उडेल असा. त्याच टांकसाळीतून, त्याच साली समुद्रापार गेलेली पेनी त्याच्या चौपटीहून जड, भरीव. कुणाचं तांबं कुणासाठी वाचवलं, हे सांगायला पुस्तक उघडावं लागत नाही. दोन तळहातांवर एकेक ठेवलं की कळतं.

ती गुलाबी पेनी मी फेकलेली नाही. परवा ट्रे आवरताना सहज भिंगाखाली धरली. मानेखाली ‘आय’ होता. घासताना तो मला दिसलाच नव्हता.